तळी आणि पुरस्कार

उदगीरच्या एका हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालेल्या सरांना दोन क्रियापदांनी जन्मभर सोबत केली. एक घरातलं, एक पुस्तकातलं. दोन्हींचा अर्थ चारचौघांत कुणाची किंवा कशाची तरी बाजू घेणं असाच; पण पहिलं ऐकलं की माणूस चिडतो आणि दुसरं ऐकलं की सुखावतो.

घरातलं चंपाषष्ठीचं. कुलदैवत खंडोबा, त्यामुळे माळेगावची यात्रा ठरलेली. चंपाषष्ठीला तांब्याच्या ताम्हणात विड्याची पानं, सुपारी, खोबऱ्याच्या वाट्या आणि भंडारा मांडला जाई. पाच जण भोवती बसत, ताम्हणाला हात लावत आणि ‘सदानंदाचा येळकोट’ म्हणत ते वर उचलत. पाचवा कमी पडला की अंगणात खेळणाऱ्या पोराला हाक जाई. नुसता हात लावून भागत नसे, आवाजही काढावा लागे. भंडारा कपाळापेक्षा सदऱ्यावरच जास्त पडे आणि तो डाग पुढे कितीतरी दिवस निघत नसे.

‘तळी उचलणे’ या देवाच्या विधीचा लोकांनी टोमणा करून टाकला. पारावर कुणी एखाद्या पुढाऱ्याबद्दल बरं बोललं की लगेच, ‘कशाला त्याची तळी उचलायलास रं?’ ‘री ओढणे’ गाणाऱ्याच्या मागच्या साथीदारांकडून आलं, ‘उदोउदो’ देवीच्या दारातून. माणसाला देवाच्या जागी बसवलेलं मराठी जिभेला खपत नाही, असं सरांचं मत. ‘कैवार घेणे’ तेवढं वेगळं. कैवार दुबळ्याचा घेतात, म्हणून त्यात लाचारीचा वास नाही.

विचारांसाठी मात्र पुस्तकी शब्द लागतो : पुरस्कार करणे. पुरस् म्हणजे पुढे. एखादी गोष्ट पुढे करणं, पुढे ठेवणं. पुरोहितातला ‘पुरो’ तोच. सर वर्गात सांगत, तळी माणसाची, पुरस्कार मताचा. तरी उत्तरपत्रिकेत एकदा आलंच : ‘महर्षी कर्वे यांना विधवाविवाहाचा पुरस्कार मिळाला.’ सरांनी लाल शाईची रेघ ओढली आणि मग स्वतःशीच हसले. पोराचं फार चुकलं नव्हतं. 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं आणि त्यांच्या मुरूड गावच्या लोकांनी त्यांना जे ‘बक्षीस’ दिलं ते बहिष्काराचं होतं.

याच मताचे न्यायमूर्ती रानडेही पुरस्कर्ते. पण पहिली पत्नी वारल्यावर 1873 मध्ये वडिलांच्या आग्रहापुढे त्यांचं चाललं नाही आणि त्यांनी अकरा वर्षांच्या कुमारिकेशी लग्न केलं. त्याच रमाबाई पुढे सेवासदनाचं काम उभं करणाऱ्या ठरल्या, हा भाग निराळा. पुस्तकात मात्र कर्वे आणि रानडे दोघेही एकाच वाक्यात ‘विधवाविवाहाचे पुरस्कर्ते’ म्हणून शेजारी बसतात. मत पुढे ठेवणारा स्वतः त्याच्यामागून किती पावलं गेला, ते हा शब्द सांगत नाही. सरांची या शब्दावर एवढीच नाराजी होती.

मतामागून शेवटपर्यंत गेलेल्या माणसाचा दाखला शोधायला पुण्याला जायची गरज नव्हती. निजामाच्या राज्यात उदगीर बिदर जिल्ह्यात होतं. इथले वकील भाई श्यामलाल आर्य समाजाचे कार्यकर्ते. त्या काळात हैदराबाद संस्थानात सभा भरवायला, धर्मप्रचाराला सरकारी परवानगीची आडकाठी होती. श्यामलाल यांना अटक झाली आणि डिसेंबर 1938 मध्ये बिदरच्या तुरुंगातच त्यांचा अंत झाला. उदगीरच्या शाळेवर आज त्यांचं नाव आहे. त्या शाळेवरून जाताना सरांना ‘पुरस्कार’ हा शब्द तोकडा वाटे.

पुढे या शब्दाला चांगले दिवस आले म्हणावेत की वाईट? वर्तमानपत्रात तो रोज दिसू लागला, पण शाल, श्रीफळ आणि मानचिन्हासकट. ‘अकादमी पुरस्कृत’ लेखक, ‘केंद्र पुरस्कृत’ योजना आणि निवडणूक आली की ‘पक्ष पुरस्कृत अपक्ष’! एका पक्षानं पुढे केलेला माणूस अपक्ष कसा, हे सरांना अजून उलगडलेलं नाही. व्याकरणाला मात्र त्याचं काही वाटत नाही.

एप्रिल 2022 मध्ये उदगीरला 95वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष भारत सासणे. त्याच दिवसांत याच गावात 16वं विद्रोही साहित्य संमेलनही झालं. अध्यक्ष गणेश विसपुते. कडक उन्हात गावकरी इकडून तिकडे जात होते. सरही दोन्हीकडे गेले. कुठल्या वक्त्यानं कुणाची तळी उचलली आणि कुणी कशाचा पुरस्कार केला, याच्या दोन रकान्यांत त्यांनी वहीत नोंदी केल्या. पहिला रकाना दोन्ही मांडवांत लवकर भरला.

संपादकांना सरांची एक विनंती आहे. बक्षिसासाठी ‘पारितोषिक’ आहे, सत्कारासाठी ‘गौरव’ आहे, साधं ‘बक्षीस’ तर घरोघरी आहे. मतांसाठी मात्र मराठीत ‘पुरस्कार’ हा एकच शब्द. तेवढा मथळ्यांतून मोकळा करा.