सात रकाने

लिनक्सच्या नव्या सर्व्हरवर लॉगइन केलं की मी एक फाइल हमखास उघडून बघते. ‘इटीसी’ फोल्डरमधली ‘पासडब्ल्यूडी’. नावावरून वाटतं, आत पासवर्ड असतील. नसतात. प्रत्येक खात्याची एक ओळ आणि ओळीत सात रकाने: नाव, पासवर्डची जागा, वापरकर्त्याचा क्रमांक, गटाचा क्रमांक, पूर्ण नाव वगैरे माहिती, होम फोल्डर आणि लॉगइननंतर सुरू होणारा प्रोग्रॅम.

जुन्या युनिक्समध्ये दुसऱ्या रकान्यात पासवर्डचा हॅश असायचा. पण ही फाइल सगळ्यांना वाचता यावी लागते, कारण क्रमांकावरून नाव इथेच शोधलं जातं. त्यामुळे कुणीही हॅश उचलून निवांत अंदाज लावत बसायचं. २०१९ मध्ये युनिक्सचे एक जनक केन थॉम्पसन यांचाच जुना हॅश फोडला गेला. पासवर्ड निघाला बुद्धिबळातली एक चाल! आता हॅश ‘शॅडो’ नावाच्या वेगळ्या, बंदिस्त फाइलमध्ये असतात. जुन्या रकान्यात फक्त ‘एक्स’ उरलाय.

मला मात्र तिसरा रकाना महत्त्वाचा वाटतो. सिस्टिम नाव ओळखतच नाही, क्रमांक ओळखते. ‘रूट’ची सगळी ताकद त्याच्या शून्य या क्रमांकात असते. तुमच्या फाइलवरही मालक म्हणून क्रमांकच लिहिलेला असतो.

गेल्या वर्षी आमच्या टीममधला एक दादा अचानक गेला. त्याचं खातं बंद करायचं काम माझ्याकडे आलं. सोपा मार्ग होता: ओळ उडवायची. पण मग त्याने लिहिलेल्या स्क्रिप्टसमोर नावाऐवजी नुसता १००७ दिसला असता. त्याचा क्रमांक यादीत शेवटचा होता. म्हणजे पुढच्या नव्या खात्याला तोच मिळाला असता, आणि त्या स्क्रिप्टही.

तेव्हा मला रामकुंड आठवलं. आजोबांच्या अस्थी घेऊन गेलो होतो, तेव्हा तीर्थोपाध्यायांनी आधी गाव विचारलं, मग आडनाव, आणि नामावळीची जाड वही काढली. पणजोबांची सही होती त्यात. गेलेल्यांपैकी कुणाचीच ओळ पुसलेली नव्हती. त्याखाली बाबांनी आमची नावं लिहिली.

सर्व्हरवरही हे जमतं. शॅडोमधल्या हॅशपुढे उद्गारचिन्ह टाकलं की पासवर्ड चालत नाही. एवढ्याने भागत नाही, एसएसएचची किल्ली असेल तर दार उघडंच राहतं. म्हणून खात्याची मुदतही संपवायची आणि सातव्या रकान्यात ‘नोलॉगिन’ लिहायचं. मी तेच केलं.

फाइलींच्या यादीत अजून त्याचंच नाव येतं. नवीन आलेली मुलं विचारतात, “हा कोण?” मग आम्ही सांगतो.