बाबा ब्युटी पार्लरमध्ये आहेत

मागच्या पावसाळ्यात बाबांची अँजिओप्लास्टी झाली. (आता ठणठणीत आहेत, रोज सकाळी फिरायला जातात.) रात्री त्यांना ॲडमिट केलं आणि दुसऱ्या दिवशी क्लायंट कॉलवरच सुट्टी मागावी लागली. क्लायंट जपानी. म्हटलं, दोन वर्षं शनिवारची झोप मोडून क्लासला जातोय, तर आज जपानीतच सांगू. 'चिचि वा ब्योओइन नि इमास', म्हणजे वडील हॉस्पिटलमध्ये आहेत.

पलीकडे एकदम शांतता. मग तिथल्या बाईंनी हळूच विचारलं, "ब्योओइन देस का?"

कॉल संपल्यावर ट्यूब पेटली. माझ्या तोंडून 'बियोओइन' गेलं होतं. म्हणजे ब्युटी पार्लर! बाबा आयसीयूत, आणि मी सांगतोय ते पार्लरमध्ये आहेत.

खरं दुःख वेगळंच. ह्या वाक्याची मी रात्री हॉस्पिटलच्या बाकावर बसून प्रॅक्टिस केली होती! जेएलपीटीच्या परीक्षेत बोलणं तपासतच नाहीत, म्हणून मी स्वतःपुरतं एक टूल लिहिलं होतं. ओपनएआयने २०२२ मध्ये खुलं केलेलं व्हिस्पर मॉडेल घ्यायचं, त्याला वाक्य ऐकवायचं, त्याने बरोबर लिहिलं की माझा उच्चार पास. त्या रात्री १० पैकी १० पडले होते.

नंतर रेकॉर्डिंग ऐकलं. १० पैकी ४ वेळा मी सरळसरळ पार्लर म्हटलंय. व्हिस्परने दहाही वेळा हॉस्पिटल लिहिलं!

विचार केल्यावर कारण कळलं. हे मॉडेल ६ लाख ८० हजार तासांच्या रेकॉर्डिंगवर शिकलंय. ते नुसता आवाज ऐकत नाही, मागचापुढचा संदर्भही धरतं. वडील पार्लरमध्ये असण्यापेक्षा हॉस्पिटलमध्ये असण्याची शक्यता जास्त, म्हणून हॉस्पिटल. थोडक्यात ते आईसारखं आहे, बोबडं बोललं तरी समजून घेणारं. डिक्टेशनसाठी उत्तमच. पण शिकणाऱ्याला हव्यात शाळेतल्या मराठीच्या बाई, प्रत्येक ऱ्हस्व-दीर्घाला लाल गोल करणाऱ्या.

आता मी मशीनला 'मी काय म्हणालो?' असं विचारतच नाही. दोन्ही शब्द आधीच देतो आणि माझा आवाज कुठल्या शब्दाशी जास्त जुळतो त्याचे गुण मागतो. आयडिया माझी नाही. सिल्के विट आणि स्टीव्ह यंग यांनी २००० सालीच एकेका ध्वनीला गुण द्यायची पद्धत मांडली होती.

पहिल्या दिवशी १० पैकी ५ पडले. वाईट वाटलं, पण निदान खरे होते. मग क्लासमध्ये सेन्सेईंनी टाळ्या वाजवून घेतल्या. ब्यो-ओ-इ-न, चार टाळ्या. बि-यो-ओ-इ-न, पाच. महिनाभर घरात माझ्या टाळ्याच चालू होत्या :)

बाबांना शेवटी सगळा किस्सा सांगितला. त्यांनी टकलावरून हात फिरवला आणि म्हणाले, "व्हिडिओ कॉल लावायचास ना. बघूनच कळलं असतं त्यांना."