हिराबाईचा प्रवेश

२ डिसेंबर, बारामती
इंदापूरच्या शाळेत यंदाच्या स्नेहसंमेलनाला हिराबाई पेडणेकरांवर छोटा प्रवेश बसवतेय. कवी मोरोपंतांबद्दल आमच्या बारामतीकडे कुणीही सांगेल. हिराबाई म्हटलं की स्टाफरूम गप्प. मूळची सावंतवाडीची, गाणाऱ्या घरातली. १९०४ मध्ये 'जयद्रथ विडंबन' लिहिलं, तेव्हा विशीही ओलांडलेली नव्हती. पहिली मराठी स्त्री-नाटककार म्हणून तिचंच नाव घेतात. सोनाबाई केरकरांचं 'छत्रपती संभाजी' १८९६ चं, पण त्या बिचाऱ्या त्याहून विस्मृतीत.

५ डिसेंबर, एसटीत
पुढे उसाच्या ट्रॉल्या, त्यामुळे वाचायला भरपूर वेळ. १९१२ मध्ये केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्श मंडळीने हिराबाईचं 'दामिनी' रंगभूमीवर आणलं. लिहिणारी स्वतः गाणारी, पण स्त्रीभूमिका लुगडं नेसून पुरुष करणार!
त्याच साली कलकत्त्यात नटी विनोदिनी दासीचं आत्मकथन 'आमार कथा' आलं. तिकडच्या धंदेवाईक नाटकांत १८७३ पासून बायका काम करत होत्या. १८८३ मध्ये गुरमुख राय या धनिकाने नवं थिएटर बांधलं ते विनोदिनीपायी. थिएटरला तिचं नाव देऊ म्हणाले, नोंदणी झाली ती 'स्टार' या नावाने. पंचविशीच्या आतच तिने नाटक सोडलं. आत्मकथन आलं ते नंतर.

८ डिसेंबर, बारामती
शेजारच्या आजोबांनी तमाशाचा विषय काढला. खरंच, पवळा हिवरगावकर त्याच काळात पठ्ठे बापूरावांसोबत फड गाजवत होती. म्हणजे बाई बोर्डावर चालत होती. चालत नव्हती ती पांढरपेशांच्या नाटकात.

११ डिसेंबर, इंदापूर
हिराबाईचं काम करणाऱ्या मुलीचे वडील आले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.
"मॅडम, नाटकात नको. निवेदन करू द्या तिला."
"निवेदनही स्टेजवरच असतं हो."
"असू द्या. तिथं ती स्वतःची म्हणून उभी राहील."
मुलगी दारात उभी, हातात वही. आपल्या वाक्यांखाली तिने लाल पेनाने रेघा मारलेल्या, कुठे थांबायचं तिथे टिंबं.
शेवटी तोड निघाली: प्रवेशाचं निवेदन हिराबाईच करणार. वडिलांना ते पटलं. मुलगी माझ्याकडे बघून हसली, त्यांना दिसणार नाही इतपत.
हिराबाईची पालशेत गावातली अखेरची वर्षं, १९५१ मधला मृत्यू, हे सगळं आता कापायला हवं. आम्हाला दहाच मिनिटं मिळालीत, आणि लगेच मागून लेझीम.