शरीफा की सीताफळ?

भाद्रपद संपून आश्विन लागला, की बीडच्या बाजारात सीताफळांच्या पाट्या उतरू लागतात. बालाघाटच्या डोंगरात, मुरमाड माळावर, कुणी पाणी न घालता ही झाडं वाढतात. २०१६ साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं. इथल्या माणसाला त्याची पारख मात्र फार आधीपासूनची. खवल्यांमधल्या भेगा पिवळसर-पांढऱ्या झाल्या, की फळाने ‘डोळे उघडले’ म्हणायचं. असं फळ दोन-तीन दिवस धान्यात ठेवलं, की बोटाला मऊ लागतं.

या दिवसांत आमच्या घरी ‘सीताफल का मीठा’ होतो. हैदराबादकडे गोड पदार्थाला ‘मीठा’ म्हणतात. खुबानी का मीठा, डबल का मीठा. १९४८पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे हा शब्द आमच्याही चुलीपर्यंत पोचलेला. पदार्थ मी सासूबाईंकडून, म्हणजे अम्मींकडून शिकले. एक लिटर दूध आटवून निम्मं करायचं. कोमट झालं की चार अंडी आणि दीडशे ग्रॅम साखर फेटून त्यात घालायची, वेलदोड्याची पूड टाकायची आणि तूप लावलेल्या डब्यात ओतायचं. अम्मींच्या तरुणपणी खाली मंद आर आणि झाकणावर निखारे ठेवून हे भाजत. मी जाड पातेल्यात वाळूचा थर पसरते, त्यावर लहान स्टँड ठेवून डबा ठेवते आणि वरून झाकण लावते. मंद गॅसवर पाऊण तास. सुरी खुपसून स्वच्छ निघाली, की झालं.

सीताफळाची पाळी यानंतर येते, भाजलेलं पुरतं गार झाल्यावर. गर दुधातच का मिसळत नाही, असं मी नवी नवरी असताना विचारलं होतं. अम्मी म्हणाल्या, “आग नको दिखा बेटा, कडवा हो जाता.” खरंच, तापवला की हा गर कडवट होतो. मिक्सरही चालत नाही, कारण बिया विषारी; त्यांची पूड डोळ्यांना इजा करते. म्हणून सगळे ताटाभोवती बसतो आणि हातानेच एकेक बी वेगळी करतो. पाच-सहा फळांचा गर वर पसरला, की त्याच दिवशी संपवायचा. उशीर केला तर काळा पडतो.

अम्मींच्या वाक्यातला ‘नको’ पाहा. दख्खनीने तो मराठीकडून घेतला आणि इतका आपला केला, की हैदराबादेतही तो रोज ऐकू येतो. ‘सीताफल’ही तसाच. तरी शेजारच्या एका बाईंनी मला नवलाने विचारलं होतं, “तुमच्यातसुद्धा सीताफळच म्हणतात?” दुसरीकडे आमच्या उर्दूच्या पुस्तकी भाषेत या फळाला ‘शरीफा’ म्हणतात. दिल्लीकडे तर ‘सीताफल’ मागितलं, की हातात भोपळा मिळतो!

दोन वर्षांपूर्वी पाचवीच्या मुलांनी ‘माझं आवडतं फळ’ या विषयावर उर्दूत निबंध लिहिले. वह्या तपासणाऱ्या एका वडीलधाऱ्या शिक्षकांनी एका मुलीच्या वहीत ‘सीताफल’वर लाल काट मारून ‘शरीफा’ लिहिलं. मधल्या सुट्टीत ती वही घेऊन माझ्याकडे आली. तिची आई डोंगरातून सीताफळं आणून रस्त्याकडेला विकते. मुलीने हळूच विचारलं, “मिस, हमारी अम्मी गलत बोलतीं क्या?”

मला त्या लाल काटेपेक्षा या प्रश्नाचं वाईट वाटलं. प्रमाण उर्दू शिकवणं हे माझं कामच आहे, मुलांना पुढे परीक्षा द्यायच्या असतात. पण शाळेत येऊन लेकरू आईच्या बोलीला लाजू लागलं, तर त्या शिकण्यातली गोडी कशी टिकेल?

मी तिला सांगितलं, हे झाडच मुळी अमेरिका खंडातलं. पोर्तुगीजांच्या काळात जहाजातून आपल्याकडे आलं. येताना ते नाव घेऊन आलं नाही; कुणी त्याला सीतेचं नाव दिलं, कुणी शरीफ म्हटलं. तुझी अम्मी बोलते ती दख्खनी शेकडो वर्षांची आहे. उर्दू गझलेचा पाया घालणाऱ्यांत ज्याचं नाव पहिलं घेतात, तो वलीही आपल्या दकनचाच, औरंगाबादचा. मग आम्ही दोघींनी मिळून वाक्य केलं: शरीफा, ज्याला दकनमध्ये सीताफल म्हणतात. तपासणाऱ्या गुरुजींनाही ते पटलं. त्यांनी त्याखाली सही केली.

त्याच आठवड्यात मी मीठा करून वर्गात नेला. प्रत्येकाच्या वाट्याला दोन-दोन चमचे आले. ती मुलगी म्हणाली, “मिस, अम्मी के लिए लिख के देतीं क्या?” तिची आई चौथीपर्यंत शिकलेली, उर्दू वाचते. मी वहीच्या पानावर उर्दूत सगळी कृती लिहून दिली. मथळा घातला ‘सीताफल का मीठा’ आणि शेवटची ओळ अम्मींच्या तोंडची, एक अक्षरही न बदलता लिहिली: आग नको दिखा, कडवा हो जाता.