'को' म्हणजे कोईमतूर

ऊस लावणाऱ्या घरात 'को' हे अक्षर शाळेत न गेलेल्या आजीलाही ठाऊक असते. को ८६०३२ चे बेणे कुठे मिळेल, को ७४० चा गूळ कसा होता, अशी बोलणी बांधावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. हे 'को' म्हणजे कोईमतूर. तामिळनाडूच्या पश्चिम अंगाला, केरळच्या सीमेजवळ वसलेले शहर. आता जरा विहिरीवर जाऊन पंपाची पाटी वाचा. कंपनीचे नाव कोणतेही असो, खाली गाव कोईमतूर असण्याचा संभव बराच आहे. म्हणजे न पाहिलेले हे शहर तुमच्या रानात आधीच येऊन बसले आहे.

कृषी अभियांत्रिकीच्या आणि यंत्र पदविकेच्या मुलामुलींना उन्हाळ्यात दोन महिने प्रशिक्षणासाठी कारखान्यात जावे लागते. त्यांतली काही या शहरात जातात. मीही एक एप्रिल-मे तिथे काढला. ज्याला जायचे आहे त्याने हे वाचावेच. पण ज्यांना पाठवायचे आहे, त्या आईवडिलांनी आधी वाचावे. कारण ऐन मशागतीच्या दिवसांत घरचा एक हात कमी होणार, वर खर्च, आणि मुलूख असा की पाटीवरचे अक्षर लागत नाही. जिवाला घोर लागतो, तो साहजिक आहे.

कुर्ल्याहून सुटणारी गाडी पुणे, सोलापूर, गुंतकल, बंगळूर, सेलम करीत कोईमतूरला पोचते. सोलापूरहून बसणाऱ्याने साधारण एक दिवसाची शिदोरी बांधावी. सेलम सोडले की नारळ दाटू लागतात आणि पश्चिमेला डोंगराची निळी रेघ दिसते. तो आपलाच सह्याद्री. तो तिथपर्यंत गेला आहे, हे भूगोलात शिकलेले असते. पण परक्या गाडीच्या खिडकीतून तो दिसला की ओळखीचे माणूस भेटल्यासारखे होते.

पहिले पंधरा दिवस जड जातात, हे आधीच सांगून ठेवतो. टाऊन बसवरच्या पाट्या तमिळ, म्हणून बसचा आकडा पाठ करायचा. गांधीपुरम, पीळमेडू, सिंगानल्लूर, उक्कडम ही चार नावे जिभेवर बसली की निम्मे शहर हाती आले. मुलींसाठी एक सोयीची गोष्ट म्हणजे २०२१ पासून त्या राज्यात साध्या टाऊन बसमध्ये बायकांना मोफत प्रवास सुरू झाला. हिंदी सगळीकडे चालत नाही. फौंड्रीत मात्र चालते, कारण ओतकामाला बिहार-ओडिशाची माणसे बरीच आहेत. पण नुसत्या हिंदीवर दोन महिने काढणारा मुलगा शेवटपर्यंत पाहुणाच राहतो. त्याने निदान पन्नास तमिळ शब्द शिकावेत. तण्णी म्हणजे पाणी, पोदुम म्हणजे पुरे, एव्वळवु म्हणजे केवढ्याला. अण्णा आणि अक्का तर शिकावे लागतच नाहीत, ते आपल्या घरचेच आहेत. तिथल्या बोलीला सगळे कोंगू तमिळ म्हणतात. या बोलीत वाक्याच्या शेवटी आदराचा 'ंगा' लावायची रीत आहे. 'वांगा' म्हणजे 'या'. मालक नोकराला म्हणतो, दुकानदार दहा वर्षांच्या पोराला म्हणतो. 'साप्टींगळा', जेवलात का, हे तर रामराम घातल्यासारखे ज्याला त्याला विचारतात. घरापासून लांब आलेल्या पोराला सकाळी कुणी जेवणाचे विचारले, की काय वाटते ते निराळे सांगायला नको.

जेवण भाताचे. इडली, सांबार, रसम याचे आठ दिवस कौतुक वाटते, नवव्या दिवशी भाकरी आठवते. साधारण याच सुमारास घरी फोन जातो आणि आवाज जड होतो. तेव्हा आईने 'ये बाळा परत' म्हणू नये. उन्हाळ्यात रस्त्याकडेला गाड्यांवर मातीच्या मडक्यांत कंबंकूळ मिळते, ते शोधायला सांगावे. कंबू म्हणजे बाजरी, आणि कूळ म्हणजे सरळसरळ आपली आंबील. ताक घालून, बारीक कांद्याबरोबर आणि ताकात मुरवून वाळवलेल्या तळलेल्या मिरचीबरोबर देतात. नगर-बीडकडच्या माणसाला पहिल्या घोटातच पटते की ही माणसे काही परकी नव्हेत. पाणीही चांगले. सिरुवाणीच्या डोंगरातून येणाऱ्या पाण्याच्या गोडीचा तिथल्या लोकांना फार अभिमान आहे, आणि तो खोटा नाही.

शहर मुळात कापसाचे. स्टेन्स साहेबाची पहिली सूतगिरणी १८८८ ची. पुढे १९३० नंतरच्या काही वर्षांत निलगिरीतल्या पैकाराची जलविद्युत आली आणि गिरण्या वाढल्या. यंत्रे आली म्हणून दुरुस्तीची दुकाने आली, दुरुस्ती करता करता माणसे यंत्रेच घडवू लागली. जी. डी. नायडू यांनी १९३७ साली तिथे विजेची मोटार बनवली. देशात घडलेली ती पहिली, असे मानतात. आसपास विहिरींवरची शेती, तेव्हा मोटारीला पंप जोडला जाणे ओघानेच आले. आपल्याकडे किर्लोस्करवाडीने जे केले, ते तिथे गल्लीगल्लीत झाले. एका शेडमध्ये ओतकाम, दुसऱ्यात कातकाम, तिसऱ्यात वाइंडिंग, आणि एक पंप तयार होईपर्यंत चार घरे फिरून येतो.

शेतकऱ्याच्या मुलाचे डोळे खरे उघडतात ते चाचणीच्या हौदावर. तिथे पाणबुडी पंप पाण्यात सोडून, व्हॉल्व आवळत आवळत, किती उंचीला किती लिटर पाणी देतो हे मोजतात. मग व्होल्टेज मुद्दाम उतरवतात. काटा खाली आला की मोटार गप्प बसत नाही. ओढायचे ओझे तेवढेच, म्हणून ती विजेचा प्रवाह जास्त घेते, तार तापते, आणि तापतच राहिली तर जळते. आपल्याकडे रात्रीच्या पाळीला दिवा मिणमिणतो आणि सकाळी मोटार वर काढायची पाळी येते, त्याचे कारण डोळ्यांदेखत काट्यावर दिसते. दुसरी गोष्ट हेडची. साठ मीटरचा पंप पंचवीस मीटरच्या विहिरीत सोडला, तर तो ठरल्यापेक्षा जास्त पाणी ओढतो आणि मोटारीवर भार येतो. उलट केले तर पाणी कमी, वीज मात्र जळतच राहते. दुकानदार 'पाचचा घ्या, दमदार आहे' म्हणतो आणि आपण अश्वशक्ती बघून पैसे मोजतो. पाटीवर हेडचा आकडा छापलेला असतो, तो फारसे कुणी वाचत नाही. दोन महिन्यांत मुलगा एवढेच शिकून आला, तरी प्रशिक्षणाचा खर्च एका मोटारीत निघतो असे माझे मत आहे.

रविवारी सुट्टी. ज्या संस्थेमुळे 'को' हे अक्षर जन्मले, तिथे परवानगी काढून एकदा जावे. १९१२ साली ही संस्था तिथे का काढली, याचे कारण मोठे गमतीचे आहे. उसाला तुरा आला की आपल्या पोटात गोळा येतो, वजन जाईल म्हणून. कोईमतूरला तुरा हवाच असतो. तिथल्या हवेत ऊस भरघोस फुलतो, म्हणून दोन जातींचा संकर करता येतो. बार्बर साहेब आणि व्यंकटरामन यांनी जाड गोड ऊस आणि रानटी ऊसगवत यांचा संकर करून काढलेला को २०५ हा १९१८ मध्ये बाहेर पडला. पुढे १९३० च्या दशकात जानकी अम्माळ यांनी तिथेच संशोधन केले. त्या काळी एक बाई प्रयोगशाळेत उसाचे मूळ शोधत होती, हे मुलींना अवश्य सांगावे. ८६०३२ मधला ८६ हा आकडा १९८६ सालचा. तुरे बघायला मात्र दिवाळीच्या सुमारास जावे लागते, उन्हाळ्यात नुसती हिरवी रांग दिसते.

दुसऱ्या एखाद्या रविवारी मरुदमलैच्या डोंगरावर मुरुगनच्या देवळात जावे. मुरुगन म्हणजे आपला कार्तिकस्वामी. आपल्याकडे बायका कार्तिकी पौर्णिमेखेरीज त्याचे दर्शन टाळतात. तिथे तो वल्ली आणि देवसेना अशा दोन बायकांचा संसारी देव, आणि नव्या नवऱ्या जोडीने त्याच्या पाया पडतात. आजीला हे फोनवर सांगितले तर तिला आधी खरे वाटणार नाही.

आणि मराठी कानावर पडावी असे वाटले, तर सराफ बाजारात जावे. विटा, खानापूर, आटपाडीकडचे गलाईवाले दक्षिणेतल्या गावोगावी सोने-चांदी गाळतात, तसे ते इथेही आहेत. दुष्काळाने त्यांच्यातले कितीतरी जण चौदाव्या-पंधराव्या वर्षी घर सोडून भट्टीपुढे बसले. त्यांना ना प्रशिक्षणाचे पत्र होते, ना दोन महिन्यांनी परत यायचे तिकीट. नव्या पोराची बोली ऐकून ते गाव विचारतात, मग तालुका, मग पाऊस. भाकरीचे निमंत्रण बहुधा त्याच बैठकीत मिळते.

पावसाचे तिथे निराळे आहे. सह्याद्रीला पालघाटापाशी मोठी खिंड पडली आहे. मे संपता संपता त्या खिंडीतून गार वारा शहरात शिरतो, ढग डोक्यावरून पळतात, पण मोठी सर येत नाही. डोंगर ओलांडताना पाऊस केरळातच रिता होतो. त्यांचा खरा पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरचा. प्रशिक्षण संपवून मुलगा गाडीत बसतो तेव्हा आपल्याकडे पेरणीची घाई उडालेली असते, आणि तिथला वाइंडिंगवाला अण्णा त्याला शांतपणे सांगत असतो, की आमच्या पेरणीला अजून चार महिने आहेत.