भरलेल्या होडीचे इंजिन

मालवणपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावर होडीच्या मागच्या फळीला अडकवायची इंजिने बसविण्याचा व दुरुस्त करण्याचा व्यवसाय मी पुष्कळ वर्षे करीत आलो असून, या काळात मला सर्वाधिक वेळा विचारला गेलेला प्रश्न, 'दहाचे घ्यावे की पंचवीसचे?' हा होय. विचारणारा बहुधा तरुण असतो. कर्जाच्या अर्जातील अश्वशक्तीचा रकाना त्याने दुकानदाराच्या शिफारशीवरून आधीच भरलेला असतो, आणि शेजारच्या वाडीत कोणीतरी याहून मोठे इंजिन आणले असल्याची सल त्याच्या मनात असते. त्याला इंजिनाविषयी काहीएक न सांगता, मी आधी होडी दाखव म्हणतो. कारण हा निर्णय प्रथम होडीचा, मग पाण्याचा, आणि सर्वांत शेवटी मालकाच्या हौसेचा, अशी माझी पक्की धारणा आहे.

होडी वाळूवर ओढलेली असली म्हणजे शेवाळाने उमटलेली पाण्याची रेघ तिच्या अंगावर स्पष्ट दिसते. त्या रेघेवर नाळेपासून मागच्या फळीपर्यंत फीत लावायची. होडीची एकूण लांबी नव्हे, ही पाण्यातली लांबी कामाची. पाणी कापीत जाणारी होडी आपल्यापुढे एक लाट उभी करते आणि वेगाबरोबर ती लाट लांबत जाते. लाटेची लांबी होडीइतकी झाली की होडी स्वतःच निर्माण केलेल्या लाटेच्या खळग्यात बसते, तिची नाळ वर उचलली जाते आणि तेथून पुढे ओतलेले इंधन पाणी घुसळण्यातच खर्ची पडते. फुटांतील लांबीचे वर्गमूळ काढून त्याला १.३४ ने गुणले असता ही मर्यादा नॉटमध्ये मिळते. म्हणजे पाण्यात वीस फूट असलेल्या होडीला सुमारे सहा नॉट, ताशी अकरा किलोमीटर. या मर्यादेजवळ पोहोचताना शक्तीची मागणी वेगाच्या घनाने, किंबहुना त्याहूनही तीव्रतेने वाढते, तेव्हा पाच नॉटवरून सहावर जाण्यास पावणेदोनपट वा अधिकच शक्ती लागते. सपाट तळाची हलकी फायबर होडी ही लाट ओलांडून पाण्याच्या पृष्ठावर तरंगत धावू शकते, हे खरे. पण ते दोन माणसे व मोकळी होडी असताना. ओले जाळे आणि मासळी भरल्यावर तीच होडी जड होडीच्या नियमाखाली येते.

म्हणून दुसरे काम वजनाच्या तपशिलाचे. होडीचे स्वतःचे पाचशे किलो, चार माणसे, ओले जाळे, बर्फ, इंधन आणि चांगल्या दिवशीची मासळी अशी बेरीज केली तर ती सव्वा टनाच्या घरात जाते. अशा होडीला टनामागे चार-पाच अश्वशक्ती, हा आमच्या धंद्यातला ठोकताळा. त्या हिशेबाने शांत पाण्यात सहा अश्वशक्तीही पुरावी. ओले एव्हिनरूड यांनी १९०९ साली अमेरिकेत मिलवॉकी येथे जे इंजिन विकावयास काढले ते अवघे दीड अश्वशक्तीचे होते आणि वल्ह्याची होडी ते उत्तम चालवीत असे. तरीही या होडीसाठी मी सहाचे सुचवीत नाही, ९.९ चे सुचवितो, आणि त्याचे कारण परतीच्या प्रवासात आहे.

आपल्या किनाऱ्यावर रात्री व पहाटे जमिनीकडून मतलई वारा सुटतो आणि दुपारी समुद्राकडून, बहुधा वायव्येकडून, खारा वारा भरतो. शिडाच्या काळात जाणे-येणे याच दोन वाऱ्यांवर बेतलेले असे. निवतीच्या बाजूला जाळे टाकून मालवणास परतणाऱ्या होडीला दुपारचा वारा जवळजवळ समोरून येतो, आणि नेमकी त्याच वेळी ती सर्वांत जड असते. देवबागेजवळ कर्लीच्या मुखातून आत शिरावयाचे झाल्यास ओहोटीचे पाणी बाहेर लोटत असते, समुद्राची लाट आत येत असते, आणि दोहोंच्या गाठीने वाळूच्या दांड्यावर पाणी फुटते. तेथे होडी लाटेच्या मागेपुढे नेमकी ठेवता आली नाही तर ती आडवी होते. एका वृद्ध तांडेलाने मी नवखा असताना नव्या इंजिनाची माझी सगळी स्तुती ऐकून घेतली आणि एवढेच विचारले, "जाताना काय, खंयचाय इंजिन जाता, भरान येताना काय करूचा, ता सांग." इंजिनाची निवड करण्याचे संपूर्ण शास्त्र मला त्या प्रश्नात आढळते. शांत सकाळी अर्धा थ्रॉटल पुरेल आणि उरलेला अर्धा दुपारच्या त्या एका तासासाठी शिलकीत राहील, एवढी शक्ती हवी.

मग पंचवीसचे का नको? एक तर मागच्या फळीवर दहा-पंधरा किलो अधिक येतात आणि रेटा अडीचपट होतो. जुनी फळी मी बोटाच्या पेराने ठोकून पाहतो, आणि जेथे आवाज बसका येतो तेथे आतले प्लायवूड पाणी पिऊन कुजलेले असते. दुसरे म्हणजे पूर्ण वेगात दर दहा अश्वशक्तीमागे ताशी सुमारे चार लिटर पेट्रोल जाते, टू-स्ट्रोक असेल तर त्याहून जास्त, आणि हाती मोठे यंत्र असले की थ्रॉटल पूर्ण उघडण्याचा मोह तरुण हाताला आवरत नाही. मध्यम मार्ग हवा असेल त्याला मी पंधराचे सुचवितो. कित्येक टू-स्ट्रोक नमुन्यांत ९.९ व १५ यांचे सिलिंडर एकच असतात, वजन जवळपास तेच राहते, आणि फरक मुख्यतः कार्बोरेटरच्या बाजूस असतो.

पण अश्वशक्तीच्या या चर्चेत ज्याची सर्वांत उपेक्षा होते तो पंखा. पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात: पहिला व्यासाचा; दुसरा पिचचा, म्हणजे लाकडात स्क्रू शिरावा तसा एका फेऱ्यात पंखा किती इंच पुढे जाईल त्याचा. इंजिनाचे ५००० फेरे गिअरमध्ये निम्मे झाले आणि पिच नऊ इंच असले, तर कागदावरचा वेग साडेअठरा नॉट येतो. आमची होडी तर सहाच्या पुढे जाणार नाही. कारखान्यातून येणारा पंखा हलक्या, धावणाऱ्या होडीसाठी बेतलेला असतो आणि जड होडीवर तो इंजिनाची छाती दडपून टाकतो. येथे व्यास मोठा व पिच कमी असा पंखा पाहिजे.

याची चाचणी मी रिकाम्या होडीवर कधीच घेत नाही. माणसांच्या व जाळ्याच्या वजनाइतकी वाळूची पोती होडीत टाकून दुपारी, वारा भरात असताना, आम्ही बाहेर पडतो. प्लगच्या वायरीला मोजणीयंत्राची तार गुंडाळलेली असते. थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर पुस्तिकेतील मर्यादा ४५०० ते ५५०० आणि यंत्रावर ४२०० दिसत असतील, तर इंजिन गुदमरते आहे. पिच एक इंचाने उतरविले की सुमारे दोनशे फेरे वाढतात, तेव्हा नऊऐवजी सातचा पंखा चढवून पुन्हा तीच फेरी मारायची. परतल्यावर प्लग काढून पाहावा: आधी जो काळा, चिकट येत होता तो आता फिकट तपकिरी येतो, आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची बारीक धार बोटाला पूर्वीइतकी कढत लागत नाही. ज्या मालकाने पंचवीसच्या इंजिनाचा हट्ट धरलेला असतो त्यालाही या दुसऱ्या फेरीत होडीने समोरच्या लाटेवर घेतलेला जोर अंगाला जाणवतो, आणि पुढची बोलणी बहुतेक वेळा पंख्याच्या किमतीवर येतात.

शाफ्टची लांबी फळीच्या उंचीवरून ठरते, पंधरा इंच किंवा वीस. पंख्यावरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत किंवा तिच्या किंचित खाली आली पाहिजे, नाही तर लाटेवर पंखा हवा ओढतो. कारखान्याचा मूळ पंखा मात्र विकू नये. मालवण बंदराच्या आसपास पाण्याखाली खडक मुबलक आहेत. पाती वाकली तर बदलण्यासाठी तो मूळ पंखा, एक पाना आणि दोन जादा पिना होडीतच असाव्यात.