झेंड्यातला करडा

6 जानेवारी, सातारा

एका शोरूमने मोटार शर्यतीच्या विषयावर खुर्ची आणि तिच्यासाठी बसकर मागितलं आहे. दिवसभर रेखाटनं केली: चाकं, हेल्मेट, गाड्यांचे नंबर. संध्याकाळी वही पुन्हा चाळली आणि एकही पान पटलं नाही. कापडावर गाडी छापली म्हणून कापडात वेग येत नाही.

रात्री जुनी टिपणं काढली. इटलीच्या जाकोमो बाल्लाने 1913 च्या सुमारास धावत्या मोटारी रंगवल्या. त्या चित्रांत मोटार शोधावी लागते. दिसतात त्या रेषा आणि गरगरणारे झोत. पुढे त्यानेच रोममधल्या आपल्या घरासाठी फर्निचर आणि कापडं केली. रॉन अराडने 1981 मध्ये लंडनला भंगारातल्या रोव्हर मोटारीची सीट पाइपच्या सांगाड्यावर बसवली आणि त्या खुर्चीने त्याचं नाव झालं. एकाने मोटारीची गती उचलली, दुसऱ्याने मोटारीतली बैठक. मी काय उचलणार, ते अजून ठरलेलं नाही.

9 जानेवारी, माण तालुका

शर्यत संपल्याची खूण असलेला काळ्या-पांढऱ्या चौकटींचा झेंडा 1906 च्या अमेरिकेतल्या शर्यतींच्या छायाचित्रांत दिसतो. तोच घोंगडीत विणायचा, असं मनात धरून घोंगड्या विणणाऱ्या सनगर मामांकडे गेले. दख्खनी मेंढीची लोकर काळी आणि पांढरी दोन्ही मिळते, म्हणजे रंगाचं कामच नाही. ताण्याला चिंचोक्याची खळ कुंच्याने लावून झाली होती. मामा खड्डामागावर बसले.

हातभर विणून झालं आणि माझा चेहरा उतरला. काळं घर होतं, पांढरं घर होतं, पण निम्मी घरं करडी.

"ताई, काळ्या उभ्या धाग्यात पांढरा आडवा गेला की करडंच होणार," मामा म्हणाले. "चार घरांत एक काळं, एक पांढरं, दोन करडी. माग खोटं बोलत नाही."

मी नमुना दाराबाहेर दोरीवर टाकला. वाऱ्याने तो हलला आणि मला झेंडा दिसला. फडकता झेंडा डोळ्याला कधी निव्वळ काळा-पांढरा दिसतच नाही, हलताना चौकटी एकमेकींत मिसळतात. मला हवी होती ती गती त्या करड्या घरांत होती. नमुना तसाच ठेवायचा, हे तिथेच ठरलं.

निघताना मामांनी लोकरीचा एक धागा पेटवून दाखवला. काडी दूर नेताच तो आपोआप विझला आणि बोटांत चुरा उरला. शर्यतीच्या चालकाचा पोशाख नोमेक्स नावाच्या धाग्याचा असतो. तोही सहज पेट घेत नाही आणि वितळून अंगाला चिकटत नाही. या गुणाच्या बाबतीत आमची घोंगडी त्याच घराण्यातली आहे.

12 जानेवारी, विटा

यंत्रमागांच्या खडखडाटात बोलणं कानाशी तोंड नेऊनच होतं. बैठकीचं जाड सुती कापड ठरवायला आले होते. सोबत कार्बन फायबरचा एक तुकडा होता. मॅक्लारेनने 1981 मध्ये एमपी4/1 या गाडीचा चालक बसतो तो मुख्य सांगाडा कार्बन फायबरचा केला, आणि फॉर्म्युला वनच्या इतर संघांनाही त्याच वाटेने जावं लागलं. वहिफणीचं, म्हणजे ताण्याचे धागे मागात ओवण्याचं काम करणाऱ्या दादांनी तो तुकडा उजेडात धरला. "हे ट्विल आहे. दोन वर, दोन खाली." मग बोटाने तिरपी रेघ दाखवली.

खरंच आहे. इतकी वेगवान गाडी म्हणजे राळेत भिजवून कडक केलेलं विणलेलं कापड. साध्या विणीपेक्षा ट्विलमध्ये धागा कमी वेळा वाकतो, म्हणून ते साच्याच्या गोलाईवर नीट बसतं. मी शर्यतीची प्रेरणा कापडात आणायला निघाले होते, आणि शर्यतीची गाडीच कापडाची निघाली. बैठकीला हीच वीण घ्यायची.

15 जानेवारी, सांगलीच्या गाडीत

किर्लोस्करवाडी स्टेशन गेलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं आणि 1910 मध्ये औंध संस्थानातल्या या माळावर नांगरांचा कारखाना उभारला. तिकडे जर्मनीत मार्सेल ब्रॉयरने 1925 मध्ये सायकलच्या हँडलवरून सुचलेली पाइपची खुर्ची केली. एका सायकलपासून नांगरापर्यंत, दुसऱ्या सायकलपासून खुर्चीपर्यंत. चाकाची वस्तू समजून घेणाऱ्याला तिच्यातून दुसरीच वस्तू सापडते, हे दोघांनी दाखवलं.

18 जानेवारी, कुपवाड

एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये खुर्चीच्या सांगाड्याचा पहिला पाइप वाकवताना चेपला. दुसऱ्यात कोरडी वाळू ठासून भरली, दोन्ही टोकांना लाकडी गुट्ट्या मारल्या आणि गॅसने तापवून वाकवला. गोलाई सुरेख आली. वाळू ओली असती तर आत वाफ कोंडली असती, म्हणून ती आधी भाजून घेतली होती.

वर्कशॉपचे मालक शर्यतीचे छकडेही बनवतात. बैलगाडा शर्यतींवरच्या 2014 च्या बंदीनंतर ते काम थांबलं. डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली, तोवर त्यांनी गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या केल्या. माझ्या नकाशावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "ही आडवी दांडी कशाला?"

"दिसायला बरी वाटते."

"मग काढा. छकड्यात बिनकामाची एक दांडी राहिली, तर तिचा भार बैलाला ओढावा लागतो."

दांडी काढली. मग आणखी दोन काढल्या. शर्यतीचा सगळा अभ्यास त्या एका वाक्यात होता.

24 जानेवारी, सांगली

खुर्ची उभी राहिली. पहिला सांगाडा अकरा किलोंचा होता, हा सात भरला. ट्विलची झोळी बसणाऱ्याच्या अंगाचा आकार घेते. फॉर्म्युला वनच्या चालकाची सीटही त्याच्या शरीराचा साचा घेऊनच करतात. वर घोंगडीचं बसकर आहे, काळं, पांढरं आणि करडं.

शोरूमचा फोन आला. गाडीचं चित्र कुठेच कसं नाही, असं त्यांनी विचारलं. मी त्यांना खुर्ची एका हाताने उचलून बघा म्हटलं, मग पाच मिनिटं तिच्यात बसा म्हटलं. माझी एकच अट होती: प्रत्येक नगाच्या चिठ्ठीवर मामांचं, विट्याच्या दादांचं आणि कुपवाडच्या वर्कशॉपचं नाव छापलं जावं, माझं त्यांच्या खाली. त्यांनी ती मान्य केली आहे. पहिले सहा नग फेब्रुवारीत जातील.